कड्यावरचा चेंडू

खेळ चालू असतो त्यापेक्षा तो बंद असतो तेव्हाच ज्याची चर्चा अधिक रंगते, असा एक खेळ आहे. अमेरिकेतला धंदेवाईक बास्केटबॉल. आपल्याकडे घरोघरी फराळाचे डबे भरू लागतात त्या सुमारास, ऑक्टोबरच्या उत्तरार्धात, त्यांचा मोसम सुरू होतो. एप्रिलपर्यंत प्रत्येक संघ ८२ सामने खेळतो, मग निवडक संघांच्या सात-सात सामन्यांच्या झुंजी होतात आणि जूनमध्ये तीस संघांतून एक विजेता निघतो. तुमच्या-माझ्यासारख्या भोळ्या माणसाला वाटते, संपले. पण जुलै उजाडतो आणि खरा बाजार भरतो. कोणाचा करार संपला, कोण कोणत्या गावी चालला, कोणाच्या बदल्यात कोण येणार, याच्या वार्ता घटकेघटकेला सुटू लागतात. चेंडू कपाटात पडलेला असतो आणि चाहते रात्र रात्र जागतात.

हे सारे मला ठाऊक असण्याचे कारण माझा पुतण्या. तो २०१३ पासून टोरांटोस असतो. तीस संघांपैकी एकोणतीस अमेरिकेत आहेत आणि तिसावा कॅनडात, त्याच्या गावात. नाव रॅप्टर्स. परक्या मुलखात गेलेला मनुष्य पहिल्या हिवाळ्यात काहीतरी आपले म्हणून शोधत असतो. याला हा संघ सापडला. तसा हा खेळ आपल्यालाही अगदीच परका नाही. मुंबईत नागपाड्याच्या पोरांनी तो कित्येक वर्षे जिवापाड खेळलेला आहे आणि २०१९ च्या ऑक्टोबरात इंडियाना व सॅक्रामेंटो हे दोन अमेरिकी संघ वरळीला येऊन दोन सामने खेळूनही गेले. पण आम्ही पाहिला तो खेळ. बाजार पाहावयाचा तर माझ्या पुतण्याच्या फोनवरचे बोलणे ऐकावे.

त्या बोलण्यातली भाषा मोठी मजेदार असते. मोसमात ज्याच्या नावाने तो घसा फोडतो, तो खेळाडू जुलैत ‘संपत आलेला करार’ होतो. हाडामासाच्या माणसाला करार म्हणावयाचे! दुसरा कोणी ‘मालमत्ता’ असतो. तिसरा नुसताच ‘पगार जुळविण्यापुरता’. प्रथम मला ही भाषा उद्धट वाटली. पुढे त्याने नियम समजावून दिले तेव्हा तिचे मूळ कळले. संघाने खेळाडूंच्या पगारावर एकंदर किती खर्च करावा याची मर्यादा दरवर्षी ठरवून दिलेली असते. १९८४-८५ साली ती ३६ लाख डॉलर होती. २०१८-१९ साली दहा कोटी १८ लाखांच्या वर गेली. संघात पंधराच माणसे ठेवावयाची. मर्यादा ओलांडलेल्या संघाला मोठा खेळाडू हवा असेल, तर साधारण त्याच्या पगाराशी जुळतील इतक्या पगाराची माणसे उलट द्यावी लागतात. त्यामुळे एक विलक्षण गंमत होते. एखादा खेळाडू चांगला खेळतो म्हणून नव्हे, तर भरपूर पगार घेतो म्हणून हवाहवासा वाटतो. कारण त्याला देऊन टाकता येते.

आणि हा हिशेब मालकाच्या कचेरीतच राहिला असता तर गोष्ट वेगळी. तो आता प्रत्येक चाहत्याच्या जिभेवर असतो. सभामंडपात टाळ कुटणाऱ्या वारकऱ्याने एकादशी सरताच देवस्थानच्या कचेरीत बसून जमाखर्च तपासावा, आणि ‘या मूर्तीत फार पैसा अडकला आहे बुवा’ असे म्हणावे, तसे काहीसे हे आहे. वर्षातले नऊ महिने भक्त, तीन महिने मुनीम. माझ्या पुतण्याला यात विसंगती वाटत नाही. तो म्हणतो, “काका, संघावर प्रेम असेल तर संघाचे हित पाहायला नको का?” प्रश्न बिनतोड आहे. फक्त संघ म्हणजे कोण, हे त्याने सांगितलेले नाही. माणसे बदलतात, शिक्षक बदलतात, व्यवस्थापक बदलतात. राहतो तो सदऱ्याचा रंग आणि गावाचे नाव.

एका काळी हा प्रश्न याहून सोपा होता, कारण खेळाडूला तोंडच नव्हते. ज्या संघाने त्याला प्रथम घेतले त्याचा तो, करार संपला तरी त्याचाच. संघाने मात्र त्याला हवे तेव्हा विकावे. बेसबॉलमधल्या कर्ट फ्लडला बारा मोसमांनंतर सेंट लुईसच्या संघाने १९६९ साली फिलाडेल्फियास देऊन टाकले, तेव्हा त्याने जाण्यास नकार दिला. आपण खरेदी-विक्रीची वस्तू नव्हे, असे त्याने त्या खेळाच्या आयुक्ताला लिहून कळविले. १९७२ मध्ये तो सर्वोच्च न्यायालयात हरला. बास्केटबॉलमध्ये ऑस्कर रॉबर्टसन या थोर खेळाडूने १९७० साली खटला भरला, त्याची तडजोड १९७६ मध्ये झाली आणि करार संपल्यावर दुसरीकडे जाण्याची वाट हळूहळू मोकळी झाली. न्याय झाला. पण न्यायाबरोबर एक नवे संकट आले. जो जाऊ शकत नाही त्याच्या राहण्याला कोणी निष्ठा म्हणत नाही. जो जाऊ शकतो तो राहिला तरच निष्ठेचा प्रश्न उभा राहतो. लेब्रॉन जेम्स २०१० च्या जुलैत क्लीव्हलँड सोडून मायामीला गेला, तेव्हा त्याच्या नावाचे सदरे लोकांनी रस्त्यावर जाळले. संघाने खेळाडू विकला म्हणून मालकाचे काही जाळल्याचे मात्र सहसा ऐकू येत नाही. त्याला धंदा म्हणतात.

मला सांगावयाची आहे ती गोष्ट टोरांटोची आणि २०१८ सालची.

या संघाचे दुखणे जुने होते. तिथे मोठा झालेला खेळाडू तिथे टिकत नसे. ट्रेसी मॅक्ग्रेडी २००० साली गेला, व्हिन्स कार्टर २००४ मध्ये, ख्रिस बॉश २०१० मध्ये. थंडी फार, देश दुसरा, नामांकित मंडळींचा ओढा दक्षिणेला. बॉश गेला त्या उन्हाळ्यात एक वीस-एकवीस वर्षांचा पोरगा पुढे झाला आणि काळजी करू नका, मी आहे, अशा अर्थाचे काहीतरी त्याने जाहीरपणे लिहिले. डिमार डिरोझन हे त्याचे नाव. कॅलिफोर्नियातल्या कॉम्प्टनचा, म्हणजे बारमाही उन्हातला. २००९ साली नवव्या क्रमांकावर टोरांटोने त्याला निवडले होते. लोक हसले असतील. वीस वर्षांची मुले असे बोलतातच. पण हा राहिला. २०१६ मध्ये करार संपून तो मोकळा झाला, तेव्हा दुसऱ्या कोणत्याही संघाशी बोलणी न करता पुन्हा टोरांटोलाच पाच वर्षांसाठी बांधला गेला, १३ कोटी ९० लाख डॉलरांवर. त्या संघासाठी त्याच्याइतके गुण तोवर कोणीच मिळविले नव्हते. २०१८ च्या आरंभी आपल्याला मनाच्या उदासीने ग्रासल्याचे त्याने मोकळेपणाने सांगितले, तेव्हा त्या गावाने त्याला अधिकच जवळ घेतले. माझ्या पुतण्याच्या कपाटात त्याच्या नावाचा सदरा होता, दहा क्रमांकाचा.

एवढे असून संघ जिंकत नसे. म्हणजे मोसमात जिंके आणि अखेरच्या झुंजीत हरे, तेही २०१६, २०१७ व २०१८ अशी सलग तीन वर्षे क्लीव्हलँडकडून, स्वगृही परतलेल्या त्याच लेब्रॉन जेम्सकडून. २०१८ च्या मोसमात रॅप्टर्सने ५९ सामने जिंकले आणि क्लीव्हलँडपुढे चारही सामने गमावले. संघाचे मुख्य शिक्षक ड्वेन केसी यांना मे महिन्यात निरोप मिळाला आणि जूनमध्ये त्यांनाच वर्षातले सर्वोत्तम शिक्षक म्हणून पारितोषिक मिळाले. (या एका गोष्टीवर स्वतंत्र प्रहसन लिहिता येईल.) जुलैत जेम्स लॉस एंजलिसला गेला. वाट मोकळी झाली. आणि १८ जुलैला संघाचे प्रमुख मसाई उजिरी यांनी डिरोझन सॅन अँटोनियोच्या संघाला देऊन त्याच्या बदल्यात कवाई लेनर्ड घेतला. लेनर्ड निःसंशय श्रेष्ठ. पण आधीच्या मोसमात दुखापतीमुळे नऊच सामने खेळलेला आणि वर्षभराने मोकळा होऊ शकणारा. नऊ वर्षे राहिलेला माणूस देऊन एक वर्षाचा पाहुणा आणावयाचा, असा तो जुगार होता.

डिरोझनने पुढे एका मुलाखतीत सांगितले, की रात्री सिनेमा पाहून परतताना तो वाटेत एका उपाहारगृहापाशी थांबला असता त्याला फोन आला. आपल्याला हलविणार नाही असेच आपण ऐकले होते, असे त्याचे म्हणणे. उजिरींनी दोन दिवसांनी जाहीरपणे त्याची क्षमा मागितली आणि बोलण्या-समजण्यात अंतर पडले असे सांगितले. त्यांच्या हेतूवर शंका घेण्याचे मला कारण नाही. माझ्या पुतण्याला मात्र होते. त्या आठवड्यात त्याने फोनवर जे शब्द वापरले ते दिवाळी अंकात छापण्यासारखे नाहीत.

दहा महिन्यांनी, १२ मे २०१९ च्या रात्री (आपल्याकडे तेव्हा तेरा तारखेची सकाळ झाली होती) फिलाडेल्फियाशी सातवा, निर्णायक सामना चालू होता. गुण ९० विरुद्ध ९०. अखेरच्या चार सेकंदांत लेनर्डने उजव्या कोपऱ्यातून, सात फुटी प्रतिस्पर्ध्याच्या हातावरून चेंडू उंच फेकला. तो लोखंडी कड्यावर आपटला. पुन्हा आपटला. पलीकडच्या बाजूला गेला, तिथे आणखी दोनदा आपटला. वेळ संपल्याचा भोंगा केव्हाच झाला होता. आणि मग तो आत पडला. तिथून संघ थांबला नाही. पुढची फेरी जिंकली, अंतिम लढतीत प्रतिपक्षाचे दोन मोठे खेळाडू जखमी झाले आणि १३ जूनला कॅनडातला एक संघ प्रथमच अजिंक्यपद घेऊन गेला. लाखो लोक मिरवणुकीला लोटले, त्यांत माझा पुतण्याही होता. मी त्याला फोनवर विचारले, “अरे, त्या डिरोझनचे काय?”

तो म्हणाला, “काका, आता सिद्धच झाले ना! उजिरींचे बरोबर होते.”

या ‘सिद्धच झाले’पाशी माझा विचार अडकला तो अजून सुटलेला नाही. काय सिद्ध झाले? चेंडू कड्यावर चार वेळा उडत होता तेवढ्या वेळात उजिरींचे करणे बरोबर होते की चूक? पहिल्या टप्प्याला चूक, चौथ्याला बरोबर, असे असू शकेल काय? तो चेंडू अर्ध्या बोटाने बाहेर पडता तर हाच पुतण्या म्हणाला असता, की बघा, माणुसकी सोडली आणि हाती धुपाटणे आले. कृत्य तेच, माणसे तीच, दिलेला-घेतलेला शब्दही तोच. बदलला असता तो फक्त लोखंडावरून उडणाऱ्या कातड्याच्या गोळ्याचा कोन.

तत्त्वज्ञांनी हा प्रश्न चर्चिलेला आहे. बर्नर्ड विल्यम्स आणि टॉमस नेगेल या दोघांनी १९७६ साली एकाच परिसंवादात ‘नैतिक दैव’ या कल्पनेवर निबंध वाचले. विल्यम्सने उदाहरण घेतले ते चित्रकार गोगँचे. बायकामुले मागे टाकून तो दूरच्या बेटावर चित्रे काढावयास गेला. चित्रे थोर निघाली म्हणून त्याचे जाणे समर्थनीय ठरते काय, आणि जहाज वाटेतच बुडते तर ते निंद्य ठरले असते काय? विल्यम्सचे म्हणणे सूक्ष्म आहे: यशाने गोगँला स्वतःपुरते समाधान मिळेल, पण ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांचे तोंड त्याने बंद होत नाही. मला हे पटते. चित्रांपुढे रांगा लागल्या म्हणून गोगँच्या बायकोची तक्रार खोटी होत नाही.

आपल्याकडे याहून जुना आणि याहून स्पष्ट दाखला आहे. धर्मराजाचा रथ भूमीपासून चार बोटे वर चाले. ‘नरो वा कुंजरो वा’ झाले, द्रोण पडले, पुढे युद्धही जिंकले. पण रथ जो खाली आला तो आलाच. विजयाने तो पुन्हा वर उचलला गेला असे कोणीही कथेकरी सांगत नाही. धर्मराज सिंहासनावर बसला ही एक गोष्ट आणि त्याची चाके धुळीला लागली ही दुसरी. महाभारतकाराने एकीची दुसरीत वजावट केलेली नाही.

म्हणून डिरोझनला दिले ते चूक, असे मी म्हणत नाही. वाचकांना कदाचित तशी अपेक्षा असेल. व्यवस्थापकाला संघाचा विचार करणे भाग आहे, हजारो लोक पदरचे पैसे देऊन खेळ पाहावयास येतात आणि तीन वर्षे त्याच पायरीवर ठेचकाळणाऱ्या संघात काही बदल करणे हे त्याचे कामच. चेंडू बाहेर पडता तरी मी हेच म्हटले असते. माझे भांडण फक्त त्या आश्वासनाशी आहे, जे एकाने ऐकले आणि दुसऱ्याला आपण दिले असे वाटले नाही. अशी आश्वासने या बाजारात अपघाताने निर्माण होत नाहीत. ‘तुझ्याबद्दल बोलणी चालू आहेत’ असे खेळाडूला सांगितले आणि सौदा फिसकटला, तर उद्या त्याच रुसलेल्या माणसाकडून सामने जिंकून घ्यावयाचे असतात. शिवाय गोष्ट फुटली की त्याची किंमतही उतरते. म्हणून बोलावयाचे ते असे, की ऐकणाऱ्याने हवे ते ऐकावे. तिथे मौन हे भांडवल असते. ‘मी शब्द देऊ शकत नाही’ एवढे सरळ वाक्य मात्र उच्चारता येण्याजोगे होते आणि ते उच्चारावयास हवे होते, असे मला वाटते.

पुतण्याला हे बालिश वाटते. “असे बोलणारा व्यवस्थापक पहिल्या वर्षी प्रामाणिक ठरेल आणि दुसऱ्या वर्षी बेकार,” तो म्हणाला. असेल. पण न बोलणाराही कायमचा नसतो. अजिंक्यपद आणून दिलेल्या उजिरींनाही संघाने २०२५ च्या उन्हाळ्यात निरोप दिला. तोही जुलैच्या तोंडावर.

त्याचा दुसरा मुद्दा पैशाचा, आणि तो घरोघरी निघतो. जवळजवळ चौदा कोटी डॉलर घेणाऱ्या माणसाची कसली कणव? कणव मी करतच नाही. पण आपल्या घरी स्वयंपाकाला बाई असते. तिला आपण पगार देतो, चांगला देतो असे समजू. उद्या तिच्याहून हात चालणारी कोणी मिळाली, तर तिला निरोप देण्याचा आपल्याला अधिकार आहे. पण ‘दिवाळीपर्यंत निर्धास्त राहा’ असे सांगून वसुबारसेला दुसरी उभी केली, तर ‘पगार चोख दिला होता’ हे त्याचे उत्तर होत नाही. पगार पोळ्यांचा होता. शब्दाचा मोबदला त्यात धरलेला नव्हता. रक्कम हजारांत असो की कोटींत, पोळ्या लाटावयाच्या असोत की चेंडू टाकावयाचा असो, हा हिशेब बदलत नाही. बदलतो तो आपला मत्सर. मोठ्या रकमेचा धनी दुखावला की आपल्याला आत कुठेतरी बरे वाटते.

लेनर्डही पुढे थांबला नाही. त्याने राहावे म्हणून टोरांटोच्या उपाहारगृहांनी त्याला फुकट जेवण देऊ केले. तरी २०१९ च्या जुलैत तो लॉस एंजलिसच्या दुसऱ्या संघात, म्हणजे आपल्या मुलखाकडे, निघून गेला. या वेळी राग फारसा झालाच नाही. त्याने शब्दच दिला नव्हता. डिसेंबरात तो पाहुणा म्हणून आला आणि विजेतेपदाची अंगठी घेऊन टाळ्यांच्या गजरात परतला. मला हे फार बोलके वाटते. गावाला माणसाचे जाणे इतके डाचत नाही.

मधला एक दिवस सांगावयाचा राहिला. अजिंक्यपदाच्या आधीचा, २२ फेब्रुवारी २०१९ चा. डिरोझन सॅन अँटोनियोच्या सदऱ्यात प्रथमच टोरांटोत खेळावयास आला. सारे प्रेक्षागृह उठून उभे राहिले, टाळ्या थांबेनात. सामना अटीतटीचा झाला. शेवटच्या काही सेकंदांत चेंडू डिरोझनच्या हाती होता, आणि तो त्याच्या हातून हिसकावून घेतला कोणी, तर ज्याच्या बदल्यात त्याला दिले होते त्या लेनर्डने. तो तसाच धावत गेला आणि एकट्याने चेंडू कड्यात घातला. टोरांटो १२० विरुद्ध ११७ ने जिंकले. ज्या लोकांनी दोन तासांपूर्वी डिरोझनसाठी डोळे पुसले होते, त्यांनीच छप्पर उडेल असा जल्लोष केला.

माझा पुतण्या तो सामना घरी बसून पाहत होता, दहा क्रमांकाचा जुना सदरा अंगात घालून. लेनर्डने चेंडू हिसकावला तेव्हा तू काय केलेस, असे मी त्याला विचारले.

“टाळी वाजवली की!” तो म्हणाला. मग जरा थांबून, “हळू वाजवली.”